दाद मागितल्याशिवाय

धाव पळताना फलंदाजाची बॅट क्रीझमध्ये टेकली नाही, तर क्रिकेटचा पंच आपण होऊन खांद्याला बोटं लावतो आणि ती धाव वजा होते. कुणाला ओरडावं लागत नाही. पण फलंदाज पायचीत झालेला दिसत असला, तरी कुणी अपील केल्याशिवाय तोच पंच बोट वर करत नाही. एकाच माणसाच्या या दोन वागण्यांचं मला फार कुतूहल आहे.

बेसबॉलमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार होतो. तिथे धावणाऱ्याने पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि शेवटी होम प्लेट, अशी क्रमाने पायाखाली घालायची. घाईत एखादा बेस हुकला तर? अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचा नियम सांगतो, की पंचाने पाहिलं असलं तरी गप्प बसावं. होम प्लेट हुकली तर तो ‘आउट’ची खूण करत नाही, ‘सेफ’चीही नाही. चाणाक्ष प्रतिस्पर्ध्याला त्यावरूनच कळतं! मग क्षेत्ररक्षकाने, खेळ चालू असताना, हातातल्या चेंडूने तो बेस किंवा तो धावपटू शिवायचा आणि दाद मागायची. तीही पुढचा चेंडू पडण्याआधी. त्या गडबडीत चेंडू मैदानाबाहेर फेकला गेला, की त्या बेसपुरता हक्क संपला.

‘दाद’ हा शब्द फारसीतला. मूळ अर्थ न्याय. मुशायऱ्यात ती आपसूक मिळते, कोर्टात मात्र मागावी लागते.

अमेरिकेतल्या हायस्कूलांची नियमावली इतकी कडक नाही. तिथे खेळ थांबलेला असताना प्रशिक्षकाने पंचाला नुसतं तोंडी सांगितलं, तरी अपील धरतात. पूर्वी तर त्याचीही गरज नव्हती. पंच स्वतःच बाद देत असे. मला विचाराल तर पोरांच्या खेळात तोंडी अपीलच बरं. चूक एकाने करायची आणि ती दाखवून देणाऱ्याचा हक्क एका वाकड्या फेकीने जायचा, हे काही माझ्या मनाला पटत नाही.

पण व्यावसायिक खेळात या नियमातूनच एक झकास प्रसंग घडला. २४ जुलै १९८३, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने नवव्या डावात होमरन मारून संघाला ५-४ असं पुढे नेलं. पकडीसाठी बॅटला लावतात ते पाइनचं डांबर १८ इंचांच्या वर गेलंय, अशी तक्रार यांकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन यांनी केली आणि पंचांनी ब्रेटला बाद दिलं. ब्रेट संतापून मैदानात धावत आला. पुढे लीगच्या अध्यक्षांनी निर्णय फिरवला आणि सामना १८ ऑगस्टला तिथूनच पुढे सुरू झाला.

त्या दिवशी पंच वेगळे होते. मार्टिन यांनी नेमकं तेच हेरलं. पहिला चेंडू पडण्याआधीच त्यांनी चेंडू पहिल्या बेसकडे टाकायला लावला: ब्रेटने जुलैत हा बेस शिवलाच नव्हता! पंचांनी ‘सेफ’ दिलं. जे पंच त्या दिवशी हजरच नव्हते, त्यांना काय ठाऊक, म्हणून मार्टिन वाद घालायला पुढे आले. मुख्य पंच डेव्ह फिलिप्स यांनी शांतपणे एक कागद काढला. जुलैच्या पंचांनी लिहून दिलेलं ते प्रतिज्ञापत्र होतं: ब्रेट आणि त्याच्या पुढचा धावपटू, दोघांनीही सगळे बेस शिवले होते.

उरलेला सामना दहा मिनिटांच्या आत संपला. कॅन्सस सिटी ५-४ ने जिंकली.