ओटा लहान, कोठी लांब

संगणक जुना झाला की मंदावतो, असं आपण सगळेच म्हणतो. मंडळी, यातलं निम्मंच खरं आहे. मिक्सरची पाती बोथट होतात, सायकलची चेन सैल पडते, तसं प्रोसेसरचं होत नाही. पंखा धुळीनं भरून तो तापत नसेल, तर २०१७ साली जेवढं काम तो सेकंदात उरकत होता तेवढंच आजही उरकतो. वाढलेली असते ती आपली मागणी. बँकेचं पान, जीएसटीचं पोर्टल, मुलांचा व्हिडिओ आणि शेजारी उघडं असलेलं व्हॉट्सॲप, हे सगळं एकाच वेळी आपल्याला हवं असतं.

मी लहान कचेऱ्यांतले आणि घरांतले संगणक दुरुस्त करतो. सध्या माझ्याकडे सर्वांत जास्त येतात ते वहीएवढे छोटे डेस्कटॉप. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी अशी त्यांची नावं. मोठ्या कंपन्या काही वर्षं वापरून ते काढून टाकतात. मग लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून ते शिकवणीच्या वर्गात, करसल्लागाराच्या टेबलावर, कुणाच्या तरी घरी पोचतात. चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेला असा संगणक सुरू करायचा आणि तोवर चहा टाकायचा, अशी अनेकांची सवय झालेली असते. शेवटी वैतागून माणूस नवा घ्यायला निघतो. निघण्यापूर्वी दहा मिनिटं माझं ऐका.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. सामान सगळं कोठीत असतं, पण काम ओट्यावर चालतं. ओटा लहान असला की पोळपाट मांडायला परात उचलावी लागते, ती कोठीत ठेवायची आणि थोड्या वेळानं पुन्हा आणायची. संगणक नेमकं हेच करतो. रॅम भरली की त्यातला काही मजकूर तो डिस्कवर ठेवून येतो आणि लागला की परत आणतो. स्वयंपाक कमी आणि येरझाऱ्याच जास्त.

त्यात ही कोठी लांब आहे. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत थांबावं लागतं. विखुरलेल्या लहान लहान फायली वाचायच्या झाल्या तर तिला सेकंदाला जेमतेम शंभरेक फेऱ्या जमतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश मेमरीवर ती चालते, आणि तीच फेरी हजारोंच्या संख्येनं मारते. म्हणून जुन्या संगणकात एकच बदल परवडत असेल, तर मी आधी एसएसडी बसवायला सांगतो. फरक डोळ्यांना दिसतो.

पण आधी मोजून पाहा. रोजचं सगळं काम उघडं ठेवा आणि विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर ओटा कमी पडतोय. मेमरी मोकळी आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के असेल तर दोष कोठीचा. दोन्ही निवांत असतील तर पैसे खिशात ठेवा, कारण बहुधा तुमचं इंटरनेटच मंद आहे.

घरगुती आणि कचेरीच्या कामाला आठ जीबी पुरते, सोळा असली तर ऐसपैस. दुकानात जाताना संगणकाचा मॉडेल क्रमांक लिहून न्या. या छोट्या यंत्रांना लॅपटॉपची आखूड रॅम लागते. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसरीच्या जागी बसत नाही आणि जोर लावून बसवूही नये. विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीच्या पुढची रॅम वायाच जाते. आणि भाव दोन-तीन ठिकाणी विचारा. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भराभर चढले. माझ्या खणात पडून असलेल्या जुन्या पट्ट्यांनाही तेव्हा गिऱ्हाईक आलं!

बसवणं अवघड नाही. वायर काढा, मागचा स्क्रू फिरवा, झाकण सरकवा. आतल्या धातूच्या सांगाड्याला आधी हात लावा. कोकणातल्या दमट हवेत फारसं काही होत नाही, पण देशावर थंडीत स्वेटर काढताना जी चटचट होते, ती चिपला मारू शकते. रॅमची पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंनी ‘टक’ असा आवाज येतो. तो आला पाहिजे.

खरी जोखीम आहे ती तुमच्या मजकुराची. टॅलीचे हिशेब, लग्नाचे फोटो, वडिलांनी टाइप करून ठेवलेला कागद, यांची वेगळी प्रत झाल्याशिवाय कुणालाही स्क्रूला हात लावू देऊ नका, मलासुद्धा. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी अनेकदा करकरते. एसएसडी एखाद्या सकाळी मुकाट्यानं जाते. तिच्यावरून पुसलेलं परत मिळवणंही पुष्कळ अवघड. शिवाय विजेविना ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवणं बरं नव्हे, साठवलेला भार हळूहळू उतरतो.

आणखी एक गोष्ट रॅमनं सुटत नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलच्या सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर नाहीत. असा संगणक वेगवान झाला तरी त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, असं माझं मत. लिनक्स घालून मात्र तो पुढेही चालवता येतो.

नवा घेणार असाल तर विक्रेत्याला एकच विचारा: रॅम नंतर वाढवता येते का? ॲपलच्या मॅक मिनीत २०१२ सालापर्यंत येत होती. २०१४ साली ती बोर्डावर जोडूनच आली. २०१८मध्ये पुन्हा खाचा दिल्या, आणि २०२०पासून मेमरी प्रोसेसरलाच चिकटली. जवळ असल्यानं ती वेगवान होते, हे खरं. पण आपल्याला पुढे किती लागेल हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं आणि त्याचे पैसेही त्याच दिवशी मोजावे लागतात, हे मला पटत नाही.

काढलेली हार्ड डिस्क महिनाभर तशीच जपून ठेवा. सगळं नीट उतरलंय याची खात्री झाली की यूएसबीचं कव्हर चढवून ती प्रतींसाठी वापरता येईल. भंगारवाल्याला द्यायचीच असेल तर आधी पूर्ण पुसून द्या. नुसतं डिलीट केलेलं तिच्यावरून सहज परत निघतं.