निकितिनचा घोडा



रेवदंड्यास एका शाळेच्या आवारांत २००२ सालीं उभारलेला एक स्मारकस्तंभ आहे. तो अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा. इ. स. १४७० च्या सुमारास हा गृहस्थ होर्मुझहून गलबतानें निघून रेवदंड्याला लागूनच असलेल्या जुन्या चौल बंदरांत उतरला. म्हणजे वास्को द गामा कालिकतास येण्याच्या पाव शतकाहून अधिक आधीं. त्यानें आपल्या प्रवासाचीं टिपणें लिहून ठेविलीं, आणि त्यांवरून १९५७ सालीं ‘परदेसी’ हा भारतीय-सोव्हिएत बोलपट निघाला. ख्वाजा अहमद अब्बास व वासिली प्रोनिन हे त्याचे दिग्दर्शक. निकितिनची भूमिका ओलेग स्त्रिझेनोव्हची, आणि नायिका चंपा म्हणजे नर्गिस. चित्रपटाचें कथानक आरंभापासून शेवटापर्यंत कसें बांधावें, याचा विचार आज या प्रवाशाच्या संगतीनें करूं.

प्रवास ही वस्तु पटकथाकाराला मोठी फसवी. मुक्कामामागून मुक्काम येतो, दृश्यें बदलतात, आणि कथानक पुढें सरकत आहे असा भास होतो. पण ‘मग काय झालें?’ एवढेंच विचारणारा प्रेक्षक लवकरच जांभया देऊं लागतो. ‘आतां याचें कसें होणार?’ ही धाकधूक त्याला लागली पाहिजे. त्यासाठीं आरंभींच नायकाचें कांहीं तरी पणास लागावें, मध्यंतरीं तें जवळजवळ हातचें जावें, आणि शेवटीं त्याचा निकाल अशा रीतीनें लागावा कीं, मूळ प्रश्नच निराळा होता असें आपणांस कळावें. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटांत सालोमालो तुकोबांचे अभंग आपले म्हणून सांगतो, तेथें गुंता पडतो. वह्या इंद्रायणींतून परत आल्या कीं तो सुटतो. तरी चित्रपट तेथें संपत नाहीं. तुकोबा वैकुंठास निघतात आणि जिजाई संसारांत मागें राहते. कथा त्या दोघांची होती, हें शेवटीं उमजतें.

निकितिनपाशींही पणास लावण्याजोगें कांहीं होतें. व्होल्गेच्या मुखाशीं तो लुटला गेला होता. पुढें हिंदुस्थानांत विकावा म्हणून त्यानें एक घोडा आणला. त्यावर त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. जुन्नरास असदखानानें तो घोडा हिसकावून घेतला. इस्लाम स्वीकारलास तर घोडाही मिळेल आणि वर हजार मोहराही, अशी अट. मुदत चार दिवसांची! सुदैवानें एका खुरासानी गृहस्थानें रदबदली केली आणि घोडा सुटला. घोडा, धर्म आणि घरची वाट, तिन्ही एकाच दाव्याला बांधलेलीं. कथानकाचा मध्य याहून चांगला कोणी रचील असें मला वाटत नाहीं.

चित्रपटकारांनीं मात्र चंपा घडविली. टिपणांत तिचा मागमूसही नाहीं. नर्गिसबद्दल माझी तक्रार नाहीं, आणि दोन राष्ट्रांच्या स्नेहाचें चित्र काढावयाचें तर प्रेमकथा ही सोयीची वाट खरीच. पण परदेशी माणूस परत जाणार, हें प्रेक्षकाला पहिल्या भेटींतच ठाऊक असतें. मग धाकधूक कसली?

घोड्याची गोष्ट इतकी सरळ नाहीं. घोडा पुढें बेदरास विकला गेला. अट टळली होती, प्रश्न टळला नव्हता. लुटींत धर्मपुस्तकें गेल्यामुळें परक्या मुलुखांत निकितिनला आपले सण आणि उपासाचे दिवस ओळखतां येईनात, आणि याचें दुःख तो टिपणांत वारंवार सांगतो. त्या टिपणांचा आरंभ ख्रिस्ती प्रार्थनेनें होतो. शेवट होतो तो अरबी शब्दांतील ईश्वरस्तवनानें. त्यानें धर्म बदलला होता कीं काय, यावर पंडित अद्याप वाद घालतात. जुन्नरास चार दिवसांत जें घडलें नाहीं, तें पुढच्या वर्षांत नकळत घडलें काय? चित्रपटाला हवा असलेला आरंभ आणि शेवट त्यानें स्वतःच्या हातानें लिहून ठेविला होता.

दाभोळहून तो परत फिरला, इराण ओलांडून काळ्या समुद्रापलीकडे गेला, पण आपल्या त्वेर गांवीं पोंचण्यापूर्वींच स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. १४७५ सालीं मॉस्कोस पोंचलीं तीं त्याचीं टिपणें.