त्रेचाळिसावे घर
(ज्ञातिमंडळाच्या तळोजा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक. विज्ञानाचे पंडित नव्हे. तरीही आज मूलद्रव्यांविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत, याचे कारण घरगुती आहे.

आमच्या सौभाग्यवतींच्या छातीतील गाठीची शस्त्रक्रिया झाली. रोग हाडांत उतरला आहे की काय, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला. शिरेतून किरणोत्सर्गी औषध टोचावयाचे, त्यातील टेक्नेशियम हे मूलद्रव्य कृत्रिम आहे हे कळताच त्यांनी विचारले, "अहो, हे बनावट द्रव्य अंगात राहिले तर?" वर्षानुवर्षे फळ्यावर आवर्तसारणी लिहिणाऱ्या आम्हांस उत्तर देता आले नाही. तपासणी पंधरा दिवस लांबली. दोष सर्वस्वी आमचा.

तळोज्यातील कारखान्यांचा वास आणि कासाडी नदीची दशा पाहता 'कृत्रिम', 'रसायन' हे शब्द ऐकून आपल्या मनात किल्मिष येते. ते अगदीच अकारण आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मूलद्रव्याची गोष्ट निराळी.

आवर्तसारणीतील 43 क्रमांकाचे घर दीर्घकाळ रिकामे होते. 1937 साली इटलीतील पालेर्मो येथे पेरिए व सेग्रे या शास्त्रज्ञांनी, अमेरिकेतील बर्कलीच्या सायक्लोट्रॉन यंत्रात कणांचा मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात ते मूलद्रव्य ओळखले. मानवाने निर्मिलेले हे पहिलेच मूलद्रव्य. म्हणून 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. गंमत पुढेच आहे. 1952 साली मेरिल या ज्योतिर्विदास काही ताऱ्यांच्या प्रकाशात याच मूलद्रव्याच्या रेषा आढळल्या! ज्यास आपण बनावट म्हणतो ते ताऱ्यांच्या पोटात घडतच होते. पृथ्वीच्या जन्मकाळचा त्याचा साठा क्षय पावून केव्हाच संपला, इतकेच. उलट, रेडियम सर्वस्वी नैसर्गिक. पण ते निम्मे होण्यास सुमारे 1600 वर्षे लागतात, आणि शरीरात गेल्यास ते हाडांत ठाण मांडते.

स्कॅनसाठी वापरतात ते टेक्नेशियम-99एम सहा तासांत निम्मे होते. ते ज्यापासून मिळते ते मॉलिब्डेनम-99देखील 66 तासांत निम्मे होत असल्याने साठवून ठेवता येत नाही. आपल्या जवळच, वाशी येथे असलेली अणुऊर्जा खात्याची 'ब्रिट' ही संस्था रुग्णालयांस अशी किरणोत्सर्गी औषधे पुरविते.

अखेर आम्ही कॅलेंडराच्या पाठीमागे हिशेब मांडून दाखविला. सहा तासांनी निम्मे, बारा तासांनी चौथा हिस्सा, अठरा तासांनी आठवा, चोवीस तासांनी सोळावा. लघवीवाटे बाहेर पडते ते वेगळेच. भरपूर पाणी पिण्यास सांगतात ते याचसाठी. सौभाग्यवतींनी कागद दोनदा वाचला व म्हणाल्या, "एवढेच होते, तर पंधरा दिवस का घालविलेत?"

स्कॅन झाला. हाडे निर्दोष निघाली. त्या दिवशी लहान मुलांस जवळ घेऊ नये, अशी सूचना होती. ती आम्ही कसोशीने पाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी नातू आजीच्या मांडीवर होता.

तो कागद आम्ही जपून ठेवला असून आज सोबत आणला आहे. ज्या भगिनींस अशी तपासणी सांगितली असेल, त्यांनी भोजनोत्तर निःसंकोचपणे आम्हांस भेटावे.