दीर्घकालीन आजार : खर्च कोठे वाचतो?

(पंचायत समिती सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्या शिबिरातील भाषण)



देवी, पटकी आणि हिवताप यांच्याशी आपल्या आरोग्य यंत्रणेने झुंज दिली ती मोहिमा काढून. साथ आली की पथके निघत, लस टोचली जाई, विहिरीत औषध पडे. साथ ओसरली की पथके परतत. उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांना ही रीत लागू पडत नाही. हे आजार एकदा घरात आले की राहावयासच येतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ज्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, तर सुमारे ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. इतक्या लोकांच्या आयुष्यभराच्या उपचाराचा भार शासनाने आणि कुटुंबांनी कसा पेलावयाचा, या प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे.

खर्च कमी करावयाचा म्हटले की आपली नजर प्रथम औषधाच्या बिलाकडे जाते. माझ्या मते तेथेच आपण चुकतो. रक्तदाबाची गोळी ही या व्यवहारातील सर्वांत स्वस्त वस्तू होय. महाग आहे तो पक्षाघात, महाग आहे निकामी झालेले मूत्रपिंड. डायलिसिसवर गेलेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राशी जोडावे लागते, आणि दुसरे मूत्रपिंड मिळाले नाही तर ते जन्मभर चालते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून असे उपचार विनामूल्य होतात ही समाधानाची बाब आहे; पण सोबत जाणाऱ्या मुलाची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि विकलेली शेळी यांची भरपाई कोणतीही योजना करीत नाही.

थोड्या नियंत्रणानेही केवढा फरक पडतो, याचा पुरावा जुना आहे. ब्रिटनमध्ये मधुमेहाबरोबरच रक्तदाबही असलेल्या १,१४८ रुग्णांचा सुमारे आठ वर्षे अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाचा रक्तदाब सरासरी १५४/८७ राहिला, तर दुसऱ्याचा अधिक काळजीने १४४/८२ पर्यंत खाली ठेवला गेला. फरक वरच्या आकड्यात केवळ १० चा. तेवढ्याने पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यूंचे ३२ टक्क्यांनी कमी झाले. यासाठी वापरलेली मुख्य औषधेही अपूर्व नव्हती. तेव्हाच्या प्रचारातीलच गोळ्या होत्या.

मग अडते कोठे? अडते ते सातत्यात. रुग्ण दोन महिने गोळी घेतो, डोके दुखणे थांबते, आणि आपण बरे झालो असे त्याला वाटते. वास्तविक बहुतेकांना रक्तदाबाचे कोणतेच लक्षण जाणवत नाही. त्यात एखाद्या महिन्यात केंद्रावरील साठा संपलेला असला, की दहा किलोमीटर चालून आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. तो पुन्हा सहसा येत नाही. खरेदी लांबवून वाचविलेले पैसे पुढे कोणत्या हिशोबात निघतात, हे मी वेगळे सांगावयास नको.

२०१७ साली केंद्र सरकार, राज्य सरकारे, संशोधन परिषद व जागतिक आरोग्य संघटना यांनी पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे आरंभीच त्यात होते. त्याची रीत अगदी साधी आहे. प्रत्येक डॉक्टरने आपल्या पसंतीचे औषध लिहावयाचे नाही; ठरलेल्या दोन-तीन औषधांचा एकच क्रम पाळावयाचा. बहुतेक ठिकाणी पहिली गोळी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची असते. औषधे थोडी असली की ती मोठ्या प्रमाणावर घेता येतात, भाव उतरतो, आणि साठ्याचा अंदाज कारकुनालाही बांधता येतो. पुढील महिन्याची गोळी उपकेंद्रावर मिळाली की रुग्णाचा मजुरीचा दिवस बुडत नाही. मोठ्या रुग्णालयांपेक्षा प्राथमिक स्तरावरच नियंत्रणाचे प्रमाण चांगले आढळले. मला याचे नवल वाटले नाही. तेथील परिचारिका रुग्णाला नावाने ओळखते.

शिक्षक बंधूंना पुढची गोष्ट लवकर पटेल. पटावर साठ मुले असताना परीक्षेस बसलेल्या तिसांचाच निकाल काढला, तर शाळा उत्तम ठरेल. आपल्या आरोग्य अहवालांत असे पुष्कळदा घडे. 'इतक्या लोकांची तपासणी झाली' हा आकडा मोठा आणि देखणा असे. या उपक्रमात मात्र नोंदलेल्या सर्व रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे, हे दर तिमाहीस विचारले जाते. जे आलेच नाहीत त्यांचीही गणना वेगळी होते. न आलेल्यांची ही यादी हाच सर्वांत उपयुक्त कागद आहे, कारण पक्षाघाताचा पुढील रुग्ण बहुधा तीत असतो.

येथे पंचायत सदस्यांचे काम येते, आणि ते जपून करावयाचे काम आहे. ही यादी ग्रामसभेत वाचावयाची नाही. कोणाला कोणता आजार आहे, हे आशाताई आणि आरोग्य सेविका यांच्यापाशीच राहावे. आपण संख्या विचारावी : पटावर किती, नियंत्रणात किती, या तिमाहीत किती आले नाहीत, आणि औषधांचा साठा किती महिन्यांचा आहे? ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत एवढे चार प्रश्न नियमाने विचारले गेले, तर वैद्यकीय अधिकारी उत्तर तयार ठेवू लागतात, असा माझा अनुभव आहे. रक्तदाब मोजण्याचे यंत्र बिघडले असेल तर तेही तेथेच कळते.

मधुमेही माणसाच्या पायांची तपासणी आणि वर्षातून एकदा डोळ्यांची, यांविषयी दुपारच्या सत्रात डॉक्टर बोलणार आहेत, म्हणून तो भाग मी सोडतो.

एक अडचण मात्र आपल्या भागाची म्हणून सांगितली पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पाच-सहा महिन्यांनी परततात. या काळात पटावरील चाळिशीपुढची कितीतरी माणसे दूरच्या फडावर असतात आणि त्यांची गोळी तुटते. टोळी निघण्यापूर्वीच त्यांची नावे काढून अधिक दिवसांचे औषध आणि उपचाराची नोंद असलेले कार्ड हाती देता येते. फडाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, हेही त्या कार्डावर लिहिता येते. मुकादम कोणत्या दिवशी गाडी काढणार, हे आरोग्य खात्याला ठाऊक नसते. सरपंचांना ते ठाऊक असते. त्यांनी ती तारीख पंधरा दिवस आधी आरोग्य केंद्राला कळवावी, एवढीच माझी विनंती आहे.