रत्नागिरीचा बंदी, मंडालेचा बंदी



नागपूरच्या मुलाला संग्रहालयाची ओळख करून द्यावी लागत नाही. १८६३ साली स्थापन झालेला ‘अजब बंगला’ त्याने शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. म्हणूनच की काय, सुटीत कोकणात गेलेली विदर्भातील कुटुंबे रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यातील संग्रहालय अर्ध्या तासात आटोपतात. समुद्र पाहतात, छायाचित्रे काढतात आणि गणपतीपुळ्याकडे वळतात. या घाईत एक विलक्षण योग दृष्टीआड राहतो.

हा राजवाडा राजाने बांधला नाही. बंदिवान राजासाठी तो इंग्रजांनी बांधला. १८८५च्या नोव्हेंबरात मंडाले पडले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा राणी सुपयालतसह देशाबाहेर नेला गेला. प्रथम मद्रास, नंतर १८८६ साली रत्नागिरी. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्री, आगगाडी नाही आणि पावसाळ्यात बोटीही बंद! (संपूर्ण कोकण रेल्वे धावू लागली ती १९९८ साली.) पुढे १९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवताना इंग्रजांचा हिशेब फारसा निराळा नसावा.

१९१० साली राजवाडा उभा राहिला, तेव्हा राजाच्या बंदिवासाला पंचवीस वर्षे होत आली होती. मिळणाऱ्या तनख्यात भागत नव्हते. बरोबर आणलेली रत्ने एकामागून एक विकली गेली. नागपूरकरांना हे दुःख परके नाही. १८५३ साली तिसरे रघुजी निवर्तले, पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले आणि भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याच्या लिलावात गेले.

आता त्याच गावातील टिळक आळीत जावे. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीत झाला. ते जन्मस्थान आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना पाठविले ते नेमके मंडालेला! मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. १९१०-११च्या हिवाळ्यात थिबा नव्या राजवाड्यात राहावयास आला होता. त्याच हिवाळ्यात लाकडी फळ्यांच्या कोठडीत लोकमान्य शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. एकाला प्रशस्त दालने मिळाली, दुसऱ्याला चार भिंतीही धड नव्हत्या. तरी त्या कोठडीतून ग्रंथ बाहेर आला आणि १९१५ साली प्रसिद्ध झाला. मुलांना एकाच दिवशी ही दोन्ही घरे दाखवावीत. कोणती आधी, हा प्रश्न गौण आहे.

लोकमान्य १९१४ साली मायदेशी परतले. थिबाच्या नशिबी ते नव्हते. डिसेंबर १९१६ मध्ये त्याने रत्नागिरीतच देह ठेवला. १९१९ साली सुपयालत ब्रह्मदेशी परतली, परंतु राजाची समाधी येथेच राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीला येऊन तिचे दर्शन घेतले. राजवाडा पाहून परतणाऱ्यांची पावले मात्र त्या समाधीकडे क्वचितच वळतात.