घरकुलांच्या वस्तींत इंटरनेट



धर्मग्रामाच्या या सुवर्णमहोत्सवानिमित्त देवळापुढें कमान उभारावी, अशी पुष्कळांची इच्छा आहे. आम्ही मात्र आज आपलें लक्ष घरकुलांच्या वस्तीकडे वेधूं इच्छितों.

सन २०१५ मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत पाणी, शौचालय व वीज या घराच्या मूलभूत सोयी मानल्या आहेत. आज त्यांत इंटरनेटची भर घालणें अगत्याचें झालें आहे. सन २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां वर्ग मोबाइलवर भरले. ज्या घरांत एकच फोन आणि तोहि बापाबरोबर कामावर जाणारा, तेथील लेकरांनीं शिकावें कसें? सन २०२५ मध्यें ‘लाडकी बहीण’ योजनेसाठीं भगिनींना आपली ओळख इंटरनेटवरून पटवावी लागली. घरीं सोय नसली म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, दुसऱ्याच्या दारीं तिष्ठावें लागतें आणि आपला आधार क्रमांक परक्याच्या हातीं द्यावा लागतो.

परंतु नुसती तार ओढून भागतें काय? याचें उत्तर आपल्या शेजारींच आहे. सन १९९८ मध्यें केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणेच्या सहकारी संस्था यांनीं मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवें संगणकांनीं जोडण्याचा प्रकल्प हातीं घेतला. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी कागद, सारें गांवांतच मिळावें, असा हेतु होता. प्रत्यक्षांत तीं केंद्रें मुख्यत्वें ऊसाच्या नोंदी व हिशेब यांपुरतींच उपयोगी पडलीं. पुढें सन २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं सात गांवांत संगणकाच्या जागीं साधा मोबाइल ठेवून लघुसंदेशांनीं तेंच काम करून पाहिलें. तें स्वस्तांत पार पडलें. यावरून असें दिसतें कीं, साधन लोकांच्या हातीं बसणारें व रोजच्या गरजेचें असावें.

सन २०११ मध्यें मंजूर झालेल्या व आतां भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेनें तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचें ठरविलें. पंचायतीपासून घरापर्यंतची वाट आपणच काढावयाची आहे. सन २०२० च्या पीएम-वाणी योजनेप्रमाणें किराणा दुकानदारालाहि परवाना शुल्क न भरतां सार्वजनिक वाय-फाय पुरवितां येतें. तेव्हां वस्तींत एक सामायिक जोडणी घ्यावी, प्रत्येक घरानें झेपेल तेवढी वर्गणी द्यावी, आणि आपल्या शिकलेल्या तरुणांनीं आठवड्यांतून दोन सायंकाळीं तेथें बसून अर्ज भरण्यास शिकवावें. कोणाचा धर्म वा जात विचारूं नये.

मुलें बिघडतील, ही भीति खोटी नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें सन २०२२ पासून सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याचा उपक्रम गांवानें आरंभिला. ज्याच्या घरीं वस्तु आहे, त्यालाच संयमाचा उपदेश शोभतो. ज्याच्याकडे ती मुळींच नाहीं, त्यानें काय आवरावें?

म्हणून महोत्सव निधींतील पहिला खर्च या जोडणीसाठीं व्हावा, अशी आमची विनंति आहे. कमान पुढील वर्षीं उभारतां येईल. दहावीला बसलेलें लेकरूं तोंवर थांबूं शकत नाहीं.