हळदणकरांचा दिवा आणि वार्निशचा थर



म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहालयात हातातील दिवा तळव्याने झाकणाऱ्या स्त्रीचे चित्र आहे. कित्येक पाहुणे ते राजा रविवर्म्यांचे तैलचित्र मानतात. वास्तविक ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे असून, जलरंगात रंगवलेले आहे. त्यासाठी त्यांची कन्या गीता समोर उभी राहिली होती.

हा गैरसमज निरुपद्रवी नव्हे. तैलचित्र समजून कोणी त्या कागदावर वार्निश फिरवले, तर ते तंतूंत मुरेल, कागद काळवंडेल आणि पुन्हा निघणार नाही. जलरंगाचे रक्षण काच आणि मंद प्रकाशच करतात.

याच संग्रहालयातील रविवर्म्यांच्या तैलचित्रांची गोष्ट निराळी. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट होते. वरून कोरडा वाटणारा थर आत ओलाच असतो. म्हणून जाड रंगाच्या चित्राला सहा महिने ते वर्षभर तरी थांबावे लागते. घाई झाली, तर रंगाला भेगा पडतात. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की नेमका हाच संयम सुटतो!

पूर्वापार वापरले जाणारे डामर राळेचे वार्निश टर्पेंटाइनमध्ये विरघळवतात. ते काळाने पिवळे पडते. पण जाणकार हात ते उतरवून नवा थर देऊ शकतो. हा थर बदलता यावा यासाठीच असतो. चित्र आडवे ठेवून, धूळ झटकून, रुंद मऊ कुंचल्याने पातळ हात द्यावा. दमट दिवस टाळावा. नाहीतर पांढुरकी झाक येते. घरातल्या आजोबांच्या तैलचित्रावर ओले फडके मात्र कधीही फिरवू नये.

आता कुंचल्यांकडे. रंग चिंधीने पुसून टर्पेंटाइनने, मग साबण आणि कोमट पाण्याने ते धुवावेत. रंग केसांच्या मुळाशी, धातूच्या पट्टीत साचतो. तिथे बोटांनी हलकेच चोळावे. नंतर टोकाला आकार देऊन आडवे वाळवावेत. केसांवर उभा ठेवलेला कुंचला कायमचा वाकतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. त्या आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.